पीडीओमधील प्रिपेअर्ड क्वेरी: जोडणी उघडण्यापासून शेवटची ओळ वाचेपर्यंत

वापरकर्त्याने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवला, की आदेश कोणता आणि माहिती कोणती हा भेद डेटाबेससाठी उरत नाही. नाव शोधणाऱ्या क्वेरीत कोणी नावाऐवजी एक अवतरणचिन्ह, त्यापुढे ‘ऑर १=१’ आणि उरलेले वाक्य गाळणारे टिप्पणीचे चिन्ह असे टाकले, तर सर्व्हर त्याला नाव समजत नाही; तो ते अटीचाच भाग म्हणून वाचतो आणि टेबलमधील सगळ्या ओळी पुढे ठेवतो. एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या त्रुटीची जाहीर चर्चा १९९८ पासून होत आली आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०१०, २०१३ आणि २०१७ च्या प्रमुख धोक्यांच्या याद्यांमध्ये इंजेक्शनचा वर्ग पहिल्या क्रमांकावर होता, २०२१ मध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर आला. तरीही नव्याने लिहिलेल्या कोडमध्ये ही त्रुटी अजून सापडते.

प्रिपेअर्ड क्वेरी हा यावरचा उपाय असल्याचे बहुतेकांना ठाऊक असते, पण ती नेमकी काय करते हे माहीत नसले, तर तिच्या मर्यादा विचित्र आणि मनमानी वाटू लागतात. म्हणून आधी यंत्रणा पाहू आणि मग पीएचपीमधील पीडीओच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीच्या, आधारे एकेक पायरी चढू. उदाहरणे मायएसक्यूएलची आहेत. इतर डेटाबेसमध्ये जिथे वागणूक बदलते, तिथे तसे सांगितले आहे.

वाचकांसाठी एक सूचना. या लेखातील आदेश आणि फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती, आणि कोडमधील आकडेही, रोमन लिपीतच लिहावी लागतील. व्हेरिएबल, टेबल आणि कॉलम यांची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी पीएचपी आणि मायएसक्यूएल दोघेही ती स्वीकारतात. प्रत्यक्ष प्रकल्पात तसे करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण कळफलक सतत बदलत राहणे त्रासाचे होते.

आधी यंत्रणा

साधी क्वेरी एका फेरीत जाते: पूर्ण वाक्य सर्व्हरकडे पोहोचते, तो त्याचे व्याकरण तपासतो, योजना आखतो, ती अमलात आणतो आणि निकाल पाठवतो. प्रिपेअर्ड क्वेरीत हेच काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे (म्हणजे प्लेसहोल्डर) असलेले वाक्य, म्हणजे क्वेरीचा सांगाडा, जाते आणि सर्व्हर तेवढ्यावरच व्याकरण तपासून त्या वाक्याला एक क्रमांक देतो. दुसऱ्या टप्प्यात तो क्रमांक आणि मूल्ये जातात. व्याकरणाची तपासणी मूल्ये पोहोचण्याआधीच आटोपलेली असल्यामुळे, मूल्यात अवतरणचिन्ह असो, अर्धविराम असो किंवा अख्खा ‘ड्रॉप टेबल’ असो, त्याला वाक्याचा अर्थ बदलण्याची संधीच मिळत नाही. सर्व्हर मूल्य ‘स्वच्छ’ करतो ही समजूत चुकीची आहे. तो ते आदेश म्हणून वाचतच नाही.

सांगाडा आधी, मूल्ये नंतर आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटेने, हे एकदा पक्के ध्यानात आले की पुढचे जवळपास सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. टेबलचे नाव प्लेसहोल्डरमध्ये का देता येत नाही? कारण टेबल कोणते हे कळल्याशिवाय सांगाडा तपासताच येत नाही. एका प्रश्नचिन्हात पाच आयडींची यादी का बसत नाही? कारण एक प्रश्नचिन्ह म्हणजे सांगाड्यातील एकाच मूल्याची जागा.

वेगाबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. एकच क्वेरी शेकडो वेळा चालवायची असेल, तर व्याकरणाची तपासणी एकदाच होते आणि वेळ वाचतो. पण तयार केलेली क्वेरी ही त्या जोडणीपुरतीच जिवंत असते. वेब पानाची विनंती संपली, जोडणी बंद झाली, की तीही जाते. एका विनंतीत एकदाच चालणाऱ्या क्वेरीला उलट एक फेरी जास्त लागते. प्रिपेअर्ड क्वेरी वापरायची ती अचूकतेसाठी. वेग मिळाला तर तो वरचा लाभ.

पायरी १: जोडणी उघडणे

पुढे भेडसावणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या तरी इथेच टाळता येतात. पीडीओ २००५ साली पीएचपी ५.१ सोबत आले, आणि त्याचे काही मूळ पर्याय आजच्या गरजांना साजेसे नाहीत. त्यामुळे जोडणी उघडतानाच तीन गोष्टी स्पष्टपणे ठरवाव्यात.

$डीएसएन = 'मायएसक्यूएल:होस्ट=१२७.०.०.१;डीबीनेम=ग्रंथालय;कॅरसेट=यूटीएफ८एमबी४';
$जोडणी = न्यू पीडीओ($डीएसएन, $वापरकर्ता, $पासवर्ड, [
    पीडीओ::ॲटर_एररमोड => पीडीओ::एररमोड_एक्सेप्शन,
    पीडीओ::ॲटर_डिफॉल्ट_फेच_मोड => पीडीओ::फेच_असोक,
    पीडीओ::ॲटर_एम्युलेट_प्रिपेअर्स => फॉल्स,
]);

पहिला पर्याय चुकांबाबतचा आहे. पीएचपी ८.० पासून एक्सेप्शन हीच मूळ पद्धत झाली आहे, पण त्याआधीच्या आवृत्त्यांत क्वेरी फसली तरी पीडीओ गप्प राहत असे आणि पुढच्या ओळीवर भलतीच चूक दिसत असे. जुन्या सर्व्हरवर कोड जाण्याची शक्यता असेल तर हा पर्याय लिहूनच ठेवावा. दुसरा पर्याय निकालाच्या आकाराचा. तो दिला नाही तर प्रत्येक कॉलम दोनदा मिळतो, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने.

तिसरा पर्याय सर्वांत महत्त्वाचा. मायएसक्यूएलसाठीचा पीडीओ ड्रायव्हर मुळात प्रिपेअर्ड क्वेरीचे सोंग, म्हणजे एम्युलेशन, करतो: तुम्ही प्रिपेअर म्हटले तरी सर्व्हरकडे काहीच जात नाही, एक्झिक्यूटच्या वेळी ड्रायव्हर स्वतःच मूल्यांना अवतरणचिन्हे लावून वाक्यात बसवतो आणि तयार झालेले वाक्य साध्या क्वेरीसारखे पाठवतो. जोडणीची अक्षरसंहिता नीट दिली असेल तर हेही सुरक्षित असते, पण मघाशी पाहिलेली दोन वाटांची व्यवस्था त्यात नसते. एम्युलेशन बंद केल्यावर एक बदल हमखास जाणवतो. एकच नावाचा प्लेसहोल्डर, समजा :शब्द, एका क्वेरीत दोनदा वापरलेला असेल, तर आजवर चाललेली क्वेरी एचवाय०९३ या संकेताची चूक देऊ लागते. तिथे :शब्द१ आणि :शब्द२ अशी दोन नावे देऊन तेच मूल्य दोनदा पाठवावे. याशिवाय, एम्युलेशन असताना अर्धविरामाने जोडलेली अनेक वाक्ये एका हाकेत चालू शकतात, ती वाटही यामुळे बंद होते.

अक्षरसंहिता डीएसएनमध्येच, म्हणजे जोडणीचा पत्ता सांगणाऱ्या स्ट्रिंगमध्येच, द्यावी, जोडणी उघडल्यावर ‘सेट नेम्स’ चालवून देऊ नये. ‘सेट नेम्स’ने सर्व्हरला संहिता कळते, ड्रायव्हरला कळत नाही, आणि एम्युलेशन चालू असताना अवतरणचिन्हे लावण्याचे काम तर ड्रायव्हरच करत असतो. दोघांची समजूत वेगळी असेल, तर जीबीकेसारख्या काही बहुबाइट संहितांमध्ये नेमके अवतरणचिन्हाला निष्प्रभ करणारे एस्केपचे चिन्हच दुसऱ्या अक्षरात विरघळून जाते आणि इंजेक्शनची दारे पुन्हा उघडतात. नावातील ‘एमबी४’ही वगळू नये, मायएसक्यूएलमधील जुनी तीन बाइटांची संहिता इमोजीसारखी चार बाइटांची चिन्हे साठवू शकत नाही.

पायरी २: क्वेरी तयार करणे

$क्वेरी = $जोडणी->प्रिपेअर(
    'सिलेक्ट आयडी, शीर्षक, वर्ष फ्रॉम पुस्तके व्हेअर लेखक = ? अँड वर्ष >= ?'
);

प्लेसहोल्डर दोन प्रकारचे आहेत, प्रश्नचिन्हाचे आणि नावाचे. एका क्वेरीत दोन्हींची सरमिसळ चालत नाही. दोन-तीन मूल्यांपर्यंत प्रश्नचिन्हे सुटसुटीत वाटतात. त्यापुढे मात्र नावे वापरावीत, कारण मध्येच एखादी अट वाढवली की प्रश्नचिन्हांचा क्रम चुकतो, आणि दोन्ही मूल्ये एकाच प्रकारची असतील तर चूक दिसतही नाही, फक्त निकाल चुकीचा येतो. इतर ठिकाणी चिन्हे वेगळी आहेत. पोस्टग्रेसच्या मूळ पद्धतीत $१, $२ अशी क्रमांकांची पद्धत आहे, जावाच्या जेडीबीसीमध्ये केवळ प्रश्नचिन्ह, तर पायथॉनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये प्रश्नचिन्ह आणि नाव दोन्ही चालतात.

प्लेसहोल्डरभोवती अवतरणचिन्हे कधीही लावू नयेत. '?' असे लिहिले की ते प्लेसहोल्डर राहत नाही, प्रश्नचिन्ह हे अक्षर असलेली साधी स्ट्रिंग होते. ‘लाइक’च्या अटीत ही चूक विशेष आढळते: लाइक '%?%' असे लिहिले जाते आणि मूल्यांची संख्या जुळत नसल्याची तक्रार येते. टक्क्याचे चिन्ह मूल्यासोबत जायला हवे.

$क्वेरी = $जोडणी->प्रिपेअर('सिलेक्ट शीर्षक फ्रॉम पुस्तके व्हेअर शीर्षक लाइक ?');
$क्वेरी->एक्झिक्यूट(['%' . ॲडसीस्लॅशेस($शब्द, '%_\\') . '%']);

इथे ॲडसीस्लॅशेसचे काम सुरक्षेचे नाही. वापरकर्त्याने शोधात खुद्द ‘%’ किंवा ‘_’ टाकले तर ‘लाइक’ त्यांना वाइल्डकार्ड समजतो. त्यांच्याकडे साधी अक्षरे म्हणून पाहायचे असेल तर आधी बॅकस्लॅश लावावा लागतो.

पायरी ३: मूल्ये देणे

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एक्झिक्यूटला ॲरे देणे. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

$क्वेरी->एक्झिक्यूट([$लेखक, $वर्ष]);

ही पद्धत नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ ही खूण, वगळता प्रत्येक मूल्य स्ट्रिंग म्हणून पाठवते. बहुतांश कॉलमांना त्याने फरक पडत नाही, पण तीन ठिकाणी पडतो. पहिले, बुलियन. पीएचपीमधील फॉल्सचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर झाले की रिकामी स्ट्रिंग उरते, आणि मायएसक्यूएल काटेकोर मोडमध्ये असेल तर पूर्णांकाच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग भरायला तो नकार देतो. ट्रूचे ‘१’ होते, ते बिनबोभाट चालते. म्हणूनच ही चूक चाचणीत निसटते आणि कोणी फॉर्ममधील चौकटीतली खूण काढून टाकली की मगच उघडी पडते. दुसरे, ‘लिमिट’. एम्युलेशन चालू असेल तर ‘लिमिट ?’ च्या जागी ‘लिमिट '१०'’ असे अवतरणचिन्हांसह वाक्य तयार होते आणि मायएसक्यूएल व्याकरणाची चूक दाखवतो. एम्युलेशन बंद असेल तर तीच क्वेरी चालते. दोन्ही परिस्थितींत चालावे म्हणून प्रकार स्पष्ट द्यावा:

$क्वेरी->बाइंडव्हॅल्यू(१, $लेखक, पीडीओ::पॅरम_एसटीआर);
$क्वेरी->बाइंडव्हॅल्यू(२, $मर्यादा, पीडीओ::पॅरम_इंट);
$क्वेरी->एक्झिक्यूट();

क्रमांक इथे एकपासून सुरू होतात, ॲरेप्रमाणे शून्यापासून नव्हे. तिसरे ठिकाण नेमके उलटे आहे. कॉलम स्ट्रिंगचा आहे, समजा सभासद क्रमांक ‘००४५’ अशा रूपात साठवलेला, आणि मूल्य मात्र पूर्णांक म्हणून बांधले. अशा वेळी मायएसक्यूएल त्या कॉलमवरचा इंडेक्स वापरू शकत नाही, कारण ‘४५’, ‘००४५’ आणि ‘ ४५’ अशा अनेक स्ट्रिंगा ४५ या एकाच अंकाशी जुळतात. त्याला प्रत्येक ओळ तपासावी लागते. याउलट पूर्णांकाच्या कॉलमला स्ट्रिंग दिली तर इंडेक्स वापरला जातो. म्हणजे प्रकाराबद्दल शंका असल्यास स्ट्रिंग देणे कमी धोक्याचे.

बाइंडव्हॅल्यूचे एक भावंड आहे, बाइंडपॅरम. ते मूल्य न घेता व्हेरिएबलचा संदर्भ धरून ठेवते आणि एक्झिक्यूटच्या क्षणी त्यात जे असेल ते पाठवते. त्यामुळे पुढील लूप निरुपद्रवी दिसतो, पण फसवा आहे:

फॉरईच ($अटी ॲज $नाव => $मूल्य) {
    $क्वेरी->बाइंडपॅरम($नाव, $मूल्य);
}

लूप संपल्यावर सगळे प्लेसहोल्डर $मूल्य या एकाच व्हेरिएबलकडे बोट दाखवत असतात, आणि त्यात शेवटचे मूल्य असते. साठवलेल्या प्रोसिजरकडून मूल्य परत घ्यायचे असेल अशा मोजक्या प्रसंगांपलीकडे बाइंडपॅरमची गरज पडत नाही, तेव्हा सवय बाइंडव्हॅल्यूचीच लावावी.

नलबाबत पीडीओला दोष देण्यात अर्थ नाही. तो एसक्यूएलचा स्वभाव आहे. ‘व्हेअर संपादक = ?’ या अटीत नल पाठवले तर क्वेरी चालते, चूक येत नाही आणि एकही ओळ मिळत नाही, कारण नलशी बरोबरी कधीच खरी ठरत नाही. मायएसक्यूएलमध्ये <=> हे चिन्ह आणि पोस्टग्रेसमध्ये ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ हा शब्दप्रयोग मूल्य नल असो वा नसो, दोन्ही परिस्थिती सांभाळतो.

पायरी ४: निकाल वाचणे

एक्झिक्यूट झाल्यावर निकाल हातात येत नाही; $क्वेरी हा निकालावरचा एक काटा आहे असे समजावे. फेच म्हटले की काट्याखालची ओळ मिळते आणि काटा पुढे सरकतो. ओळी संपल्या की फॉल्स मिळते. मागे जाण्याची सोय साधारणतः नसते.

व्हाइल ($ओळ = $क्वेरी->फेच()) {
    एको एचटीएमएलस्पेशलचार्स($ओळ['शीर्षक']);
}

एकच ओळ अपेक्षित असेल तर एकदाच फेच करून फॉल्स आहे का ते तपासावे. सर्व ओळी एकदम हव्या असतील तर फेचऑल; त्यात ओळ नसेल तर फॉल्स नव्हे, रिकामा ॲरे मिळतो, म्हणून दोन्हींची तपासणी वेगळी असते. एकच आकडा हवा असेल, जसे ‘सिलेक्ट काउंट(*)’, तर फेचकॉलम पुरतो. मात्र ज्या कॉलममध्ये फॉल्स हेच वैध मूल्य असू शकते, तिथे फेचकॉलम वापरू नये: ‘ओळच नाही’ आणि ‘ओळ आहे, मूल्य फॉल्स’ यांत फरक करता येत नाही.

फेचऑलला दिलेला मोड पुष्कळ कोड वाचवू शकतो. पीडीओ::फेच_की_पेअर हा मोड दोन कॉलमांच्या निकालातून पहिला कॉलम किल्ली आणि दुसरा मूल्य असा ॲरे देतो, जो ड्रॉपडाउन भरायला थेट चालतो. पीडीओ::फेच_कॉलम एका कॉलमची सपाट यादी देतो. पीडीओ::फेच_ग्रुप पहिल्या कॉलमप्रमाणे ओळींचे गट पाडतो, त्यामुळे लेखकवार पुस्तकांची यादी लावण्यासाठी वेगळा लूप लिहावा लागत नाही. पीडीओ::फेच_क्लास ओळीपासून वस्तू बनवतो, पण त्याची एक लकब लक्षात ठेवावी: तो आधी गुणधर्म भरतो आणि मग कन्स्ट्रक्टर चालवतो, त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये मूळ मूल्ये ठरवलेली असतील तर डेटाबेसमधून आलेली मूल्ये पुसली जातात. हा क्रम उलटवण्यासाठी पीडीओ::फेच_प्रॉप्स_लेट सोबत द्यावे लागते.

जॉइन असलेल्या क्वेरीत फेच_असोक मोडचा एक सापळा आहे. पुस्तके आणि लेखक या दोन्ही टेबलांत ‘आयडी’ नावाचा कॉलम असेल आणि क्वेरीत तारा वापरून सगळे कॉलम मागवले असतील, तर ॲरेत ‘आयडी’ एकच राहतो आणि तो नंतर आलेल्या टेबलचा असतो. पुस्तकाच्या दुव्यावर लेखकाचा आयडी छापला जातो, आणि दोन्ही आकडे असल्यामुळे दुवा तुटलेला न दिसता भलत्याच पुस्तकावर नेतो. हवे तेवढेच कॉलम नावाने मागवावेत आणि ‘ॲज लेखक_आयडी’ असे टोपणनाव द्यावे.

प्रकारांबाबत: एम्युलेशन बंद असेल तर पूर्णांक पूर्णांक म्हणूनच येतात, एम्युलेशन असताना ते पीएचपी ८.१ पूर्वी स्ट्रिंग म्हणून येत असत. डेसिमल मात्र कायम स्ट्रिंगच राहते, आणि ते योग्यच आहे, कारण फ्लोटमध्ये टाकताच दशांशाची अचूकता जाते.

पायरी ५: निकाल मोठा असेल तेव्हा

फेचऑलऐवजी फेचचा लूप लिहिला की मेमरी वाचते, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मायएसक्यूएल ड्रायव्हर मुळात बफर वापरतो, म्हणजे एक्झिक्यूट होताच संपूर्ण निकाल पीएचपीच्या मेमरीत येऊन पडतो; फेच फक्त त्या बफरमधून एकेक ओळ काढतो. फेचऑल त्याच निकालाची ॲरेच्या रूपातील आणखी एक प्रत तयार करते, एवढाच फरक. लाखो ओळींची फाइल निर्यात करायची असेल तर बफरच बंद करावा लागतो:

$जोडणी->सेटॲट्रिब्यूट(पीडीओ::मायएसक्यूएल_ॲटर_यूज_बफर्ड_क्वेरी, फॉल्स);

त्याची किंमत अशी, की शेवटची ओळ वाचून होईपर्यंत ती जोडणी दुसरी कोणतीही क्वेरी स्वीकारत नाही. लूपच्या आत सहज एखादी दुसरी क्वेरी चालवली, की २०१४ क्रमांकाची चूक येते. अर्ध्यावर थांबायचे असेल तर क्लोजकर्सर म्हणावे, आणि आत दुसरी क्वेरी हवीच असेल तर दुसरी जोडणी उघडावी. शिवाय ओळी वाचण्यात फार वेळ लावला, तर सर्व्हरच कंटाळून जोडणी तोडतो. पाठवलेली माहिती स्वीकारली जाण्याची तो किती वेळ वाट पाहतो हे ‘नेट_राइट_टाइमआउट’वर ठरते आणि त्याचे मूळ मूल्य ६० सेकंद आहे.

यापेक्षा मला पुढची पद्धत अधिक पसंत आहे: ‘व्हेअर आयडी > ? ऑर्डर बाय आयडी लिमिट ?’ अशी क्वेरी एकदाच तयार करावी, आणि प्रत्येक तुकडीतील शेवटचा आयडी पुढच्या तुकडीला देत ती पुन्हा पुन्हा चालवावी. जोडणी अडकून राहत नाही, काम मध्येच तुटले तर शेवटच्या आयडीपासून पुढे सुरू करता येते, आणि एकदा तयार करून अनेकदा चालवण्याचा लाभही इथे खरोखर मिळतो. ‘ऑफसेट’ वापरून तुकडे पाडले तर मात्र प्रत्येक पुढच्या तुकडीला आधीच्या सगळ्या ओळी मोजून टाकून द्याव्या लागतात.

पायरी ६: भरणाऱ्या आणि बदलणाऱ्या क्वेरी

अनेक ओळी भरताना प्रिपेअर लूपच्या बाहेर आणि एक्झिक्यूट लूपच्या आत असावे, आणि दोन्हींभोवती ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे मिळून एकदाच पक्के (कमिट) किंवा रद्द (रोलबॅक) होणारे काम, असावे.

$भर = $जोडणी->प्रिपेअर('इन्सर्ट इंटू पुस्तके (शीर्षक, लेखक, वर्ष) व्हॅल्यूज (?, ?, ?)');
$जोडणी->बिगिनट्रान्झॅक्शन();
ट्राय {
    फॉरईच ($यादी ॲज $प) {
        $भर->एक्झिक्यूट([$प['शीर्षक'], $प['लेखक'], $प['वर्ष']]);
    }
    $जोडणी->कमिट();
} कॅच (थ्रोएबल $चूक) {
    $जोडणी->रोलबॅक();
    थ्रो $चूक;
}

ट्रान्झॅक्शन नसेल तर प्रत्येक इन्सर्ट स्वतंत्रपणे कमिट होतो आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचे मूळ स्टोरेज इंजिन) मूळ सेटिंगप्रमाणे प्रत्येक कमिटला आपला लॉग डिस्कवर उतरवतो. एवढ्या एका बदलाने जो वेग मिळतो, तो प्रिपेअरने मिळणाऱ्या वेगापेक्षा सहसा खूप मोठा असतो. ट्रान्झॅक्शनच्या मध्ये टेबलची रचना बदलणारा आदेश मात्र देऊ नये: मायएसक्यूएल तिथेच परस्पर कमिट करून मोकळा होतो, आणि पीएचपी ८ मध्ये नंतरचा कमिट ‘चालू ट्रान्झॅक्शन नाही’ अशी तक्रार करतो.

रोकाउंट हे फंक्शन इन्सर्ट, अपडेट आणि डिलीटसाठी आहे; सिलेक्टमधील ओळी मोजण्यासाठी ते सर्व डेटाबेसमध्ये विश्वासार्ह नाही. अपडेटनंतर मायएसक्यूएल अटीत बसलेल्या ओळी मोजत नाही, प्रत्यक्ष बदललेल्या ओळी मोजतो. वापरकर्त्याने काहीही न बदलता फॉर्म जतन केला तर उत्तर शून्य येते, आणि ‘शून्य म्हणजे नोंद सापडली नाही’ असे मानणारा कोड त्याला विनाकारण चूक दाखवतो. अटीत बसलेल्या ओळींची संख्या हवी असेल, तर जोडणी उघडताना पीडीओ::मायएसक्यूएल_ॲटर_फाउंड_रोज हा पर्याय ट्रू करावा. नव्या ओळीचा आयडी लास्टइन्सर्टआयडीने मिळतो, तो कमिटच्या आधी विचारावा.

पायरी ७: जिथे प्लेसहोल्डर चालत नाही

टेबल आणि कॉलम यांची नावे, ‘ऑर्डर बाय’ची दिशा आणि ‘इन’मधील यादी या तीन ठिकाणी शिकलेले लोकही पुन्हा स्ट्रिंगा जोडू लागतात. ‘ऑर्डर बाय ?’ ला कॉलमचे नाव दिले तर चूक येत नाही. डेटाबेस त्याला स्थिर स्ट्रिंग समजतो, प्रत्येक ओळीसाठी ती सारखीच असते आणि क्रम लागतच नाही. योग्य मार्ग म्हणजे परवानगी असलेल्या नावांचा तक्ता कोडमध्ये ठेवणे आणि बाहेरून आलेला शब्द फक्त त्या तक्त्याची किल्ली म्हणून वापरणे:

$क्रम = ['नाव' => 'शीर्षक', 'जुने' => 'वर्ष', 'लेखक' => 'लेखक'];
$कॉलम = $क्रम[$_गेट['क्रम'] ?? 'नाव'] ?? 'शीर्षक';

यात क्वेरीत जाणारा शब्द वापरकर्त्याचा नसून आपलाच असतो.

‘इन’साठी यादीत जितकी मूल्ये तितकी प्रश्नचिन्हे तयार करावी लागतात.

$आयडी = ॲरे_व्हॅल्यूज($आयडी);
$चिन्हे = इम्प्लोड(',', ॲरे_फिल(०, काउंट($आयडी), '?'));
$क्वेरी = $जोडणी->प्रिपेअर("सिलेक्ट शीर्षक फ्रॉम पुस्तके व्हेअर आयडी इन ($चिन्हे)");
$क्वेरी->एक्झिक्यूट($आयडी);

पहिल्या ओळीतील ॲरे_व्हॅल्यूज अनावश्यक वाटेल, पण ॲरे_फिल्टरमधून आलेल्या यादीत किल्ल्यांचे क्रमांक मध्येच तुटलेले असतात आणि पीडीओला ते सलग हवे असतात. यादी रिकामी असेल तर ‘इन ()’ ही व्याकरणाची चूक ठरते, म्हणून तिथे क्वेरी न चालवता रिकामा निकाल द्यावा. यादीच्या लांबीलाही सीमा आहे: मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये एका क्वेरीत ६५,५३५ मूल्ये, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २,१००, तर एसक्यूलाइटमध्ये ३.३२ आवृत्तीपूर्वी ९९९ आणि तिथून पुढे ३२,७६६. एवढी लांब यादी लागू लागली तर ती तात्पुरत्या टेबलमध्ये भरून जॉइन करणे शहाणपणाचे.

डेटाबेसमधूनच आलेले मूल्य सुरक्षित असते, हाही एक चुकीचा समज आहे. नोंदणीच्या वेळी प्लेसहोल्डरमधून अगदी नीट साठवलेले एखादे दुष्ट नाव महिन्याभराने अहवालाच्या कोडमध्ये स्ट्रिंग जोडून वापरले गेले, तर इंजेक्शन तिथे घडते. मूल्य कुठून आले हे पाहण्याची गरजच पडू नये. ते मूल्य आहे, तर ते प्लेसहोल्डरमधूनच जावे.

पायरी ८: चुका पकडणे आणि पडताळणी

प्रत्येक क्वेरीभोवती ट्राय-कॅच लिहिण्याची आवश्यकता नाही. जिथे चुकीवर काही उपाय करता येतो तिथेच ती पकडावी; बाकीच्या चुका वरच्या स्तरावर एकाच ठिकाणी लॉगमध्ये नोंदवून वापरकर्त्याला साधा संदेश द्यावा, कारण मूळ संदेशात टेबल-कॉलमांची नावे उघडी पडतात. उपाय करता येण्याजोग्या चुकांचे उत्तम उदाहरण म्हणजे दुबार नोंद. ईमेल आधीच आहे का हे सिलेक्टने तपासून मग इन्सर्ट करण्यात फट राहते: त्या दोन क्षणांच्या मध्ये दुसरी विनंती तोच ईमेल भरू शकते. कॉलमवर युनिक इंडेक्स ठेवावा, थेट इन्सर्ट करावा आणि एक्सेप्शनच्या एररइन्फोमधील दुसऱ्या घरात, म्हणजे निर्देशांक १ वर, १०६२ हा क्रमांक आहे का ते पाहावे. २३००० हा एसक्यूएलस्टेट (चुकीच्या वर्गाचा प्रमाणित संकेत) एकट्याने पुरत नाही. तो फॉरेन कीच्या उल्लंघनालाही लागू होतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रियांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जोडणी निष्क्रिय राहिली तर मायएसक्यूएल मूळ सेटिंगप्रमाणे २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, ती तोडतो. नवी जोडणी उघडल्यावर जुन्या तयार क्वेरी उपयोगी पडत नाहीत, त्या पुन्हा तयार कराव्या लागतात. दुसरे, तयार क्वेरी ॲरेत साठवत राहिल्यास सर्व्हरची मर्यादा गाठली जाऊ शकते. ती संपूर्ण सर्व्हरसाठी मिळून असते आणि तिचे मूळ मूल्य १६,३८२ आहे.

क्वेरी खरोखर दोन टप्प्यांत जाते आहे का, हे डोळ्यांनी पाहण्याची सोय आहे. चाचणीच्या सर्व्हरवर ‘सेट ग्लोबल जनरल_लॉग = 'ऑन'’ चालवावे, कोड एकदा चालवावा आणि लॉगची फाइल उघडावी. एम्युलेशन चालू असेल तर ‘क्वेरी’ अशी एकच नोंद दिसते आणि तिच्यात मूल्ये बसवलेले पूर्ण वाक्य असते. एम्युलेशन बंद असेल तर आधी ‘प्रिपेअर’ची नोंद येते, जिच्यात प्रश्नचिन्हे जशीच्या तशी असतात; मग जितक्या वेळा चालवले तितक्या ‘एक्झिक्यूट’च्या नोंदी, आणि शेवटी ‘क्लोज’. लूपमध्ये शंभर ओळी भरल्या असताना ‘प्रिपेअर’च्याही शंभर नोंदी दिसल्या, तर प्रिपेअर चुकून लूपच्या आत राहिले आहे. पाहून झाल्यावर लॉग लगेच बंद करावा, कारण तो झपाट्याने वाढतो आणि ‘एक्झिक्यूट’च्या नोंदींमध्ये पाठवलेली सगळी मूल्ये उघडपणे लिहिलेली असतात.